रोमी सैनिकाची डाळ

"पण आबा, रोमनांनी आधी विचारलं का तिथल्या लोकांना?" कांद्याच्या पातीसारखी लीकची जाडजूड पात चिरता चिरता इलाने सुरी थांबवली.

"काय विचारायचं?"

"हेच. की तुम्हाला आमची कॅबेज हवी का, आमचे बाथ्स हवे का. की दे जस्ट शोड अप?"

उल्हासराव खुदकन हसले. "सैन्य घेऊन येणारा कधी विचारतो का बाळा? आला की आलाच. पण सैनिकाचंही जरा बघ. कुठल्या तरी गार ब्रिटनमध्ये पहाऱ्यावर उभा केलाय त्याला. घर शेकडो कोस लांब. तोंडाला चव नाही. मग तो काय करील?"

"पिझ्झा मागवील."

"टोमॅटोच नव्हते त्यांच्याकडे, पिझ्झा कुठला! तो कोथिंबिरीचं बी मागवील. चौकीच्या मागे छोटासा वाफा करील. रस्ते, पूल, पाण्याचे पाट हे सगळं सम्राटाच्या हुकमाने गेलं. कोथिंबीर मात्र जिभेच्या हुकमाने गेली."

इलाला हे फारच आवडलं. "लाइक यू!" ती म्हणाली. "तुमच्या बॅगेत पण सगळं तेच होतं. मॉम म्हणाली, कस्टम्सवाल्याने एकेक पाकीट हुंगून बघितलं."

बाहेर शिकागोजवळच्या नेपरव्हिलचं बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं होतं आणि आत मसूर रटरटत होते. सहावीच्या वर्गात दुसऱ्या दिवशी रोमन मेजवानी होती. रोमनांनी परमुलखात नेलेला एकेक पदार्थ प्रत्येकाने आणायचा आणि त्याची गोष्ट सांगायची. इलाने मसूर, लीक, धने, व्हिनेगर आणि मध घालून 'रोमी सैनिकाची डाळ' ठरवली होती. नावही तिचंच.

उल्हासरावांची हयात धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. दर वर्षी ते पोरांना एसटीत कोंबून तेरच्या संग्रहालयात न्यायचे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या गावचा माल जहाजाने पार रोमपर्यंत जात होता, हे सांगताना त्यांचा आवाज दर वर्षी तसाच भरून यायचा. बायको गेल्यावर रेणूने, म्हणजे लेकीने, त्यांना इकडे आणलं. गावात पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळे त्यांना गुरुजी म्हणत. इथे ते नुसतेच कुणाचे तरी वडील झाले. मग इलाच्या अभ्यासात रोम आलं आणि गुरुजी पुन्हा वर्गावर गेले.

शिकवण्याचा त्यांचा एकच नियम होता. पोराच्या हातातली पेन्सिल आपण घ्यायची नाही. नकाशात गोदावरी वाकडी वाहिली तर वाहू दे, तोंडाने सांगायचं, पण रेघ त्याची त्यालाच पुसू द्यायची. आत्ताही लीकचे तुकडे कुठे बोटभर, कुठे नखाएवढे पडत होते. उल्हासराव दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते.

"आणि आबा, शेंगदाणे, काजू काही म्हणजे काही नाही हं. प्रीता आहे ना वर्गात. शेंगदाणा नुसता लागला तरी तिला रिअ‍ॅक्शन येते. शी कॅन डाय."

"हो ग बाई, किती वेळा सांगशील," उल्हासराव म्हणाले.

प्रीता ही इलाची जिवाभावाची मैत्रीण. पुढच्याच गल्लीत राहणाऱ्या वीणाची मुलगी. वाढदिवसाला आली तरी आपला डबा घेऊन यायची. केक कापला की हिच्या डब्यात वेगळा केक. उल्हासरावांना मनातून ते जरा अतीच वाटे. त्यांच्या शाळेत झाडून साऱ्या पोरांच्या डब्यात शेंगांची चटणी असायची, एकमेकांच्या डब्यात हात घालून खायची, कधी कुणाला काही झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. हे इकडचे लाड, असं ते रेणूशी एकदा बोललेही होते. रेणूने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं होतं.

सकाळी इला वर चादरीचा रोमन टोगा गुंडाळत होती. रेणू शिकागोच्या गाडीसाठी आधीच निघून गेली होती. उल्हासरावांनी डाळ गरम करायला ठेवली आणि चमचाभर चाखून बघितली.

आंबट होती. गोड होती. पण मिळून येत नव्हती. लीक एकीकडे, डाळ दुसरीकडे आणि पाणी तिसरीकडे. पोरगी एवढ्या हौसेने घेऊन जाणार आणि पोरं एक घास खाऊन ताटली बाजूला सारणार, हे त्यांना डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

हात फ्रिजकडे गेला. दाण्याच्या कुटाची बरणी दारातच होती. त्यांच्या घरी कुठलीही भाजी, आमटी, कोशिंबीर मिळून यायची ती कुटानेच. चमचा भरून पातेल्यावर आला आणि तिथे थांबला. त्यांना आठवलं. आठवलं नाही असं नव्हतं. कालचा इलाचा आवाज कानाशी स्पष्ट होता.

'एवढ्याशाने काय होतंय,' ते स्वतःशी म्हणाले. 'शिजून जातं सगळं.' एक चमचा घातला, आणि हाताला सवय होती म्हणून आणखी एक. एक उकळी आली आणि डाळ कशी सुरेख मिळून आली.

चादर सावरत इला खाली आली. बोट बुडवून तिने चाटलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "आबा! कालच्यापेक्षा भारी लागतेय. काय केलं?"

"काही नाही. रात्रभर मुरली," उल्हासराव म्हणाले.

दुपारी रेणूचा फोन आला. मागे स्टेशनवरच्या घोषणा ऐकू येत होत्या. "बाबा, मी लवकर निघालेय. शाळेत प्रीताला रिअ‍ॅक्शन आली. मोठी. इंजेक्शन देऊन इमर्जन्सीत नेलंय. आता बरी आहे म्हणतात. इला घरी येईल, तिला जवळ घ्या."

 फोन ठेवून उल्हासरावांनी पातेल्यात उरलेली डाळ सिंकमध्ये ओतली, सिंकखालचं खरकटं दळायचं मशीन चालू केलं आणि पातेलं घासून, पुसून कपाटात ठेवलं. हे आपण का करतोय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

इला आली ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. टोगा अंगावर तसाच होता. रेणू आली, तिच्याशेजारी बसली, तेव्हा कुठे ती बोलली.

"ती कधीच कुणाचं काही खात नाही, मॉम. मी म्हटलं, खा. म्हटलं, आय मेड इट, इट्स सेफ. म्हणून तिने खाल्लं." ती हुंदका गिळून म्हणाली, "तिचे ओठ असे झाले. तिला श्वासच येईना. आणि ती माझ्याकडे बघत होती."

"दुसऱ्या कुणाच्या तरी पदार्थात असेल, सोन्या."

"तिने दुसरं काही खाल्लंच नाही! ओन्ली माइन!"

रेणूने मान वर केली. "बाबा, तुम्ही चुकून काही...?"

"मॉम!" इला एकदम उसळली. "आबा कधी हातसुद्धा लावत नाहीत. ते ओन्ली शिकवतात. सगळं मीच केलं."

उल्हासरावांनी तोंड उघडलं. सांगायचं ते अगदी ओठांवर होतं. पण बाहेर आलं ते, "चहा ठेवू का?"

इलाने मग स्वतःच शोध लावला. सकाळी तिने टोस्टवर पीनट बटर लावलं होतं. तोच चमचा डाळीत गेला असणार. नीट धुतला नसणार. "इट्स मी," ती म्हणाली. एवढीशी पोर, स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश. त्या चमच्याने काहीच झालं नव्हतं, हे घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस ओट्याशी उभा राहून चहात साखर ढवळत होता. खरं तर ते बिनसाखरेचा चहा पीत.

त्या रात्री कुणी धड जेवलं नाही.

शनिवारी सकाळी इलाने स्वेटर चढवला. "मी प्रीताकडे जाऊन सॉरी म्हणणार आहे. आबा, तुम्ही येता?"

रस्ता अर्धवट साफ केलेला होता. बर्फात घसरू नये म्हणून तिने आपण होऊन त्यांचा हात धरला. वाटेत ती काय बोलायचं त्याची उजळणी करत होती. उल्हासरावांनी दोनदा हाक मारली, "इला." दोनदा तिने वर बघितलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी "जपून चाल" एवढंच सांगितलं.

दार वीणाने उघडलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण इलाला बघून ती हसली. "ये ग. झोपलीय ती, पण बरी आहे. या काका, आत या, गारठलात."

इला उंबऱ्यावरच ताठ उभी राहिली. "वीणा मावशी, आय अ‍ॅम सो सॉरी. इट वॉज माय स्पून. मी सकाळी..."

"वीणा," उल्हासराव म्हणाले. "चमचा नव्हता तो. डाळीत दाण्याचं कूट मी घातलं."

इलाचा हात त्यांच्या हातातून सुटला. तिने तो ओढून घेतला नाही. नुसता सुटला.

 वीणा समजुतीच्या स्वरात म्हणाली, "विसरलात ना काका? होतं हो असं. माझी आईसुद्धा... हाताला सवय असते."

केवढी मोठी वाट करून दिली होती तिने. मान हलवली असती की झालं असतं. वय झालं, लक्षात राहत नाही. सगळ्यांनी समजून घेतलं असतं. इलानेही.

"नाही," उल्हासराव म्हणाले. "आठवलं होतं. चमचा हातात असताना आठवलं होतं. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय."

वीणाचा चेहरा मिटत गेला. दाराच्या मुठीवरची तिची बोटं पांढरी पडली.

"काका, तिचा घसा बंद होत आला होता," ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी तिथे पोचले तेव्हा ती मला ओळखत होती की नाही, तेसुद्धा मला कळत नव्हतं."

"हो," ते म्हणाले.

"इला, तू आत ये राजा." वीणाने तिला खांद्याला धरून आत घेतलं. मग ती वळून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, काका. इलाला मी आणून सोडते."

दार लागलं. आपटलं नाही, सावकाश लागलं. दारात आलेल्या वडीलधाऱ्याला वीणासारख्या मुलीने पाणीसुद्धा न विचारता परत पाठवावं, असं उल्हासरावांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. झालं ते बरोबरच झालं, असं त्यांना वाटलं, आणि ते एकटेच पाय सांभाळत घरी आले.

रेणूला त्यांनीच सांगितलं. ती फार बोलली नाही. "ते मला नंतर सांगितलंत तरी चाललं असतं, बाबा. पण त्या दिवशी जिन्यावर तिला सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाली. शाळेला तिने सगळं खरंखरं कळवलं. बरणी उल्हासरावांनी कचऱ्यात टाकली. सोमवारी प्रीता शाळेत आली. ती आणि इला जेवायला पूर्वीसारख्या शेजारीच बसल्या, असं रेणूकडून त्यांना कळलं. इलाकडून काही कळलं नाही. रोम संपून वर्गात पुढचा धडा सुरू झाला होता. तो कशाचा, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

गुरुवारी रेणूला यायला उशीर होणार होता. उल्हासरावांनी मुगाचं वरण, भात आणि बटाट्याची भाजी केली. पान वाढलं आणि हाक मारली. इला येऊन बसली, पण तिने हात मांडीवरच ठेवले.

"वरणात काय काय आहे?" तिने विचारलं.

तिला स्वतःला कसलीच अ‍ॅलर्जी नव्हती. आवाजात राग नव्हता. ती नुसती विचारत होती.

उल्हासरावांनी गॅस बंद केला. पंच्याला हात पुसले आणि ते टेबलापुढे येऊन सरळ उभे राहिले.

"मुगाची डाळ," ते म्हणाले. "हळद. हिंग. मीठ. लसूण. वरून कोथिंबीर."

"आणि?"

"फोडणीला तेल, मोहरी, जिरं."

"तेल कसलं?"

"सूर्यफुलाचं."

"आणि?"

"एवढंच."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी नजर खाली घेतली नाही. मग तिने भातावर वरण ओढलं, चमच्याच्या टोकावर मावेल एवढा लहानसा घास घेतला आणि तोंडात घातला.

"आता भाजीत," ती म्हणाली.

उल्हासराव उभ्या उभ्याच भाजीत काय काय आहे ते सांगू लागले.