पिवळ्या ठिपक्याची स्प्रिंग

डोकं फिरलंय माझं, आधीच सांगते.

रविवारी तेरा सेकंदांच्या आत शर्यतीची पाव मैलाची सरळ पट्टी पार केली नाही, तर ड्रायव्हरची माझी जागा जयसिंग नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरला, असं गाडीमालक श्रीनिवासांनी बजावलं होतं. आणि शनिवारी सरावात गाडी सुटेचना! मागची चाकं जागच्या जागी फिरून नुसता धूर काढत होती. तीनदा.

"जैनब, आपण शर्यतीला आलोय की टायर भाजायला?" श्रीनिवास म्हणाले. नारायण पेठेतला माणूस, आवाज चढवायची गरज पडत नाही.

स्प्रिंगांचा हिशोब माझाच होता. पुढच्या दोन मऊ हव्यात. मग सुटताना नाक वर उचलतं, भार मागे जातो आणि मागची चाकं रस्ता पकडतात. इंचभर दाबायला दीडशे पौंड, असं अब्बांना लिहून दिलं होतं. हडपसरच्या आमच्या कारखान्यात त्यांनीच त्या वळल्या. अब्बांचा, म्हणजे मकबूल मिस्त्रींचा, ठिपका म्हणजे शेवटचा शब्द. पिवळा मऊ, लाल कडक. चाळीस वर्षांत कुणी मोजून पाहिलं नाही. मीही नाही. मूर्ख मी!

संध्याकाळी दोन्ही काढून कारखान्यात दाब मोजायच्या प्रेसखाली ठेवल्या. दीडशेला इंचभर दबेनात. तीनशेला दबल्या.

"अब्बा, हे चुकून, की मुद्दाम?"

ते म्हणाले, "पुढची चाकं उचलली असती. आत तू. मला बघवलं नसतं, बेटा."

असा संताप आला! "भीती वाटत होती तर तोंडावर सांगायचं. भांडलो असतो. खोटा ठिपका कशाला? आता तुमची कुठली स्प्रिंग मी विश्वासानं लावू?"

त्यांनी कपाट उघडलं. खऱ्या पिवळ्या दोन्ही वळून, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

"उद्या रेषेपाशी उभं राहायचं," मी म्हटलं. "डोळे मिटायचे नाहीत."

रविवारी सुटले तेव्हा समोर फक्त आभाळ दिसलं. बारा पॉइंट सात. जागा माझीच राहिली. अब्बा घामाघूम होऊन आले.

"वीतभर उचलली होती चाकं," म्हणाले. म्हणजे बघितलं होतं.

मी मिठीबिठी मारली नाही. कारखान्यात परतल्यावर त्या दोन खोट्या स्प्रिंगा आणि लाल रंगाची डबी त्यांच्यापुढे आदळली.

"आधी ठिपके बदला. मग बोला माझ्याशी."

त्यांनी ब्रश उचलला. डबीचं झाकण घट्ट बसलं होतं. मी उघडून दिलं नाही.