वेबसाइटचा कर्मचारी क्रमांक

पाण्याचे नमुने तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेचे अहवाल वेबसाइटवर उघडत नव्हते. फाइली नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये होत्या, वेबसाइट चालू होती, पण अहवालावर क्लिक केलं की उत्तर एकच, 'परवानगी नाही'. हंगामी प्रोग्रामर असलेल्या मुलीला साहेबांनी सांगितलं होतं की शुक्रवारपर्यंत हे सुरू झालं तर नोकरी कायम. विभागात जागा एकच आहे.

फोल्डरच्या परवानग्या एका काकांच्या हातात होत्या. त्यांना सगळे किल्लेदार म्हणत. किल्लेदारांनी स्वतःच्या संगणकावर फोल्डर उघडून दाखवलं.

"माझ्याकडे उघडतंय. म्हणजे घोळ तुझ्याकडे."

मग ते साहेबांच्या संगणकावर उघडून पाहिलं, मग साहेबांच्या सहायकाच्या. तीन दिवस हाच तपास चालला. ताप एकाला आणि थर्मामीटर शेजाऱ्यांच्या तोंडात.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, तिने सर्व्हरवरच्या नोंदी ओळीने वाचल्या. वेबसाइट फोल्डरचं दार ठोठावत होती ती साहेबांच्या नावाने नव्हे, स्वतःच्या वेगळ्या खात्याने. त्या खात्याला कुणी आत सोडलंच नव्हतं.

किल्लेदारांनी नियम काढला. परवानगी फक्त कर्मचारी क्रमांक असलेल्याला, आणि रजेवर गेलेल्याचं खातं त्या काळापुरतं बंद.

"काका, वेबसाइट म्हणजे माणूस नाहीये."

"नसेना. अर्ज तर माणसासारखा करेल?"

तिने अर्ज भरला. पदाच्या रकान्यात विभागातली रिकामी जागाच लिहावी लागे, म्हणून प्रोग्रामर. कामाची वेळ चोवीस तास. साप्ताहिक सुट्टी नाही. असा गुणी उमेदवार आस्थापना शाखेने जन्मात पाहिला नव्हता. दुपारपर्यंत क्रमांक आला. किल्लेदारांनी परवानगी दिली आणि अहवाल धडाधड उघडू लागले.

शुक्रवारी ती पत्र घ्यायला गेली. साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. काम झकास झालं म्हणाले, पण जागा कालच भरली गेली.

"कुणी भरली?"

"तूच की. अर्ज तुझ्याच अक्षरात आहे."

ती टेबलाशी परतली. रजेचा कोरा अर्ज काढला. वेबसाइटचा क्रमांक तिला पाठ होता. कारण: प्रकृती बरी नाही. कालावधी: सोमवारपासून, बेमुदत. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, रजेच्या काळात काम कोण पाहील. तिथे तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, किल्लेदार.