वरठीच्या नळावर सांडलेलं पाणी

बुचाला बांधलेली दोरी.

रेल्वे पार्सलची पावती, तिच्यावर शाईचा डाग.

"ये बापू, घरी चाल."

बोटभर मासोळी, पितळेच्या गडव्यात गोल गोल फिरणारी.

ओलं सिमेंट.

थांबा. असं नाही. बाटली उपडी केली की पाणी सरळ धारेने येत नाही, अडत अडत येतं. माझं बोलणंही तसंच आहे, मित्रांनो, तेवढं सांभाळून घ्या. मी पायदळातल्या एका शिपायाची पाण्याची बाटली आहे. आता जुनी झाले आहे. अंगावरचं खाकी कापड कसरीने खाल्लं, निळं एनॅमल जागोजागी उडालं. बूच आहे, पण ते आता बसत नाही.

कारखान्यात पत्रा कापून, ठोकून मला घडवलं, एनॅमल चढवून भट्टीत भाजलं, आणि उन्हात पाणी गार राहावं म्हणून अंगावर लोकरी कापड शिवलं. माझ्यासारख्या हजारो होत्या. त्यांतली मी तेजरामच्या कमरेला आले.

तेजराम साकोली तालुक्यातल्या एकोडीचा. घर मासेमारी करणाऱ्यांचं. बाप लहानपणीच वारला होता. घरी आई रेवताबाई आणि मोठा भाऊ गोपीचंद. दोघे भाऊ गावच्या तलावात जाळं ओढत. तेजराम पाण्यात शिरला तर आवाज होत नसे. पलटणीत त्याला सगळे 'मासोळी' म्हणत आणि तो हसत असे.

सत्तर साली तो सुट्टीवर आला तेव्हा मला घेऊन आला. अंगणात बसून माझ्यातूनच पाणी पीत होता. रेवताबाई दारातून म्हणाली, "काहून रे, घरी गडवा नाही का? सायबावाणी बाटलीतून पिऊन राहिला."

"सवय झाली, माय."

"सवय! उद्या म्हणशील, भातही बाटलीतूनच खातो."

गोपीचंदने मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "हे देऊन टाक मले. तलावावर न्यायले बरी आहे."

"सरकारची आहे ते, दादा. मेलो तरी हिशेब द्या लागते."

"तोंडाले लगाम लाव," रेवताबाई म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढचं वर्ष लढाईचं. एकाहत्तरचा डिसेंबर, पूर्वेची आघाडी.

पहिल्या दिवशी तो मुलूख पाहून तेजराम चालता चालता थांबला. धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बांध्यांच्या कडेला पाणी, पाण्यात बगळे. "हे तं आपलंच गाव वाटते," तो शेजारच्या जागेश्वरला म्हणाला. जागेश्वर लाखांदूरकडचा, त्याच्याच तुकडीतला.

नदीच्या पलीकडून मशीनगन चालत होती. पूल उडवलेला. तुकडीला पलीकडे जायला दोर हवा होता. तेजरामने बूट काढले, दोराचं टोक कमरेला बांधलं आणि पहाटेच्या धुक्यात पाण्यात शिरला. मीही त्याच्या कमरेला होते. आवाज झाला नाही. पलीकडे एका झाडाला त्याने दोर बांधला. जाळ्याचा दोर जसा खुंटीला बांधतात तसाच, दोन वेढे आणि एक फास. त्या दोराला धरून सगळी तुकडी आली.

दुपारी पुन्हा गोळीबार सुरू झाला. जागेश्वर मांडीत गोळी लागून उघड्या बांधीत पडला. तेजरामने त्याला खांद्यावर घेऊन धुऱ्याआड, शेताच्या बांधामागे आणलं. मग हातबॉम्ब घेऊन तो मशीनगनच्या मोर्च्याकडे सरपटत गेला. मोर्चा बंद पडला. परत येताना तेजरामच्या पोटात गोळ्या लागल्या.

त्याला तिथेच अग्नी दिला. राख त्याच नदीत सोडली, असं साहेबांनी घरी पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं.

हिशेब मात्र कोणी मागितला नाही. कोणाच्या तरी दयेने मला तेजरामच्या काळ्या पेटीत ठेवलं, आणि पेटी रेल्वेने निघाली.

आता जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं.

बहात्तरचा फेब्रुवारी. भंडारा रोड स्टेशन, म्हणजे वरठी. गोपीचंद पेटी सोडवायला एकटाच आला होता. पार्सलबाबू म्हणाला, "उघडून पाहून घे. मागून म्हणू नको, हे नाही ते नाही."

दोन गणवेश. एक स्वेटर. दाढीचं सामान. रेवताबाईचं, गोपीचंदने कोणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र. आणि मी. गोपीचंदने मला हलवलं. आत पाणी वाजलं. त्याने बूच काढलं तर कुबट वास आला.

मित्रांनो, पुढे जे झालं त्यात त्याचं काय चुकलं ते मला आजही सांगता येत नाही. भावाचं भांडं असं वास मारत घरी न्यायचं? त्याने मला प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या नळावर नेलं, पाणी ओतून दिलं, वाळू घालून खळखळ धुतलं. मग त्याला आठवलं की माणूस गेलेल्या घरात रिकामं भांडं नेत नाहीत. तेव्हा त्याने मला त्याच नळाचं पाणी भरलं आणि बूच लावलं.

एकोडीला पोचला तेव्हा दिवस कलला होता. रेवताबाईने पेटी उघडली. गणवेशाला हात लावला नाही. मला उचललं, कानाशी नेलं, हलवलं. ती कितीतरी वेळ ऐकत राहिली.

"गोपी, यात पाणी आहे."

गोपीचंद पेटीचं झाकण धरून उभा होता.

"तिकडलं होय? त्या नदीचं?"

तिच्या चेहऱ्यावर त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी उजळलं होतं. गोपीचंदने ते पाहिलं. मीही पाहिलं.

"हो, माय," तो म्हणाला.

आता त्यांच्या घरची रीत सांगते, म्हणजे ते 'हो' किती जड होतं ते कळेल. त्यांच्यात माणूस गेला की त्याचा जीव पाण्यातून घरी आणतात. घरातली माणसं तलावावर जातात, पितळेचा गडवा पाण्यात धरतात आणि गेलेल्याला नावाने हाक मारतात. जी मासोळी, जो झिंगा पहिल्यांदा गडव्यात शिरेल, तो त्याचा जीव. त्याला झाकून घरी आणायचं आणि देव्हाऱ्याखाली जागा द्यायची. मग गेलेला माणूस घरच्या देवांत बसतो. आणला नाही तर तो बाहेरच फिरत राहतो, उपाशी.

रेवताबाई दोन महिने याच घोरात होती. तेजराम तर परक्या नदीत. एकोडीच्या तलावात त्याला हाक मारून तो येणार कुठून? आणि आता ती नदीच घरी आली होती, माझ्यात बसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक तलावावर गेले. रेवताबाईने मला उपडं केलं. एकेक घोट सोडत ती हाक मारत होती. "ये बापू तेजराम. घरी चाल. लय दूर राहिला, बापू."

गोपीचंद गुडघाभर पाण्यात गडवा धरून उभा होता. काही आलं नाही. ऊन चढलं तरी काही आलं नाही. रेवताबाईचा आवाज बसला.

"काहून येऊन नाही राहिला रे तो? रुसला का मायावर?"

"येईन तो, माय."

"तू मार हाक. तुयावर त्याचा जीव होता."

गोपीचंदने तोंड उघडलं, पण हाक फुटली नाही. तेवढ्यात मी पाहिलं. त्याने गाळात डावा पाय हळूच सरकवला. तलावावर जन्म गेलेल्या माणसाला माहीत असतं, कोणत्या दगडाआड काय बसलंय आणि कुठून हुसकलं तर कुठे पळेल. एक बोटभर मासोळी दगडाआडून सुटली आणि थेट गडव्यात शिरली.

"आला! आला रे माया बापू!" रेवताबाईने गडव्यावर पदर झाकला. घरी जाईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही. गोपीचंद मागेमागे चालत होता. त्याच्या हातात मी होते, रिकामी.

त्र्याहत्तर साली भंडाऱ्याला मोठा कार्यक्रम झाला. तेजरामला मरणोत्तर पदक मिळालं. शाळेतले आनंदराव गुरुजी रेवताबाईला घेऊन गेले. एका साहेबांनी पदकाचं मानपत्र वाचून दाखवलं, "शत्रूच्या माऱ्याची पर्वा न करता." रेवताबाईने पदक हातात घेतलं आणि विचारलं, "हे घालावं कुठं, गुरुजी? ज्याची छाती होती तो तं देव्हाऱ्याखाली आहे." आनंदराव गुरुजींनी चष्मा पुसला.

काही वर्षं लोक पदक पाहायला येत. मला खुंटीवर टांगलेलं असे. मुलं विचारत, ही कोणाची? रेवताबाई सांगे, "यातूनच आला तो घरी." त्या वेळी गोपीचंद घरात असला तर उठून बाहेर जाई.

दर वर्षी अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, रेवताबाई देव्हाऱ्यापुढे तेजरामच्या नावाने पाण्याने भरलेली घागर ठेवी. आणि दर वर्षी त्या सकाळी गोपीचंद मला खांद्याला अडकवून म्हणे, "मासोळी विकून येतो, माय." टोपली रिकामी असे. तो एसटीने भंडाऱ्याला उतरे, तिथून वरठीला. प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या नळाशी बसे. नळाखालच्या नालीत वाकून, कोणी ऐकणार नाही अशा आवाजात म्हणे, "तेजराम, चाल घरी. मीच सांडलं रे तुले इथं. चाल."

मग माझं तोंड नालीच्या पाण्याला लावून वाट पाहत राही. नालीत मासोळी कुठली असणार? पण मुंगळा नाही, पाण्यावरचा किडाही कधी आला नाही.

एकदा तिथल्या कवडू नावाच्या हमालाने हटकलं. "कायले बसतो बे दरसाल इथं?"

"गाडीची वाट पाहून राहिलो."

"कोणती?"

"येईन ते."

"मंग बस," कवडू म्हणाला आणि बिडी पुढे केली. दोघांनी ओढली. पुढे त्याने कधी विचारलं नाही.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात रेवताबाई अंथरुणाला खिळली. एका दुपारी गोपीचंद तिच्या उशाशी बसला. मी वर खुंटीवर होते.

"माय, ते पाणी..."

"कोणतं?"

"बाटलीतलं."

"हं." तिने डोळे मिटूनच हसल्यासारखं केलं. "तू आणलं म्हणून तो आला. नाही तं मी कशी मरतो रे सुखानं?"

गोपीचंदने तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं. तिसऱ्या दिवशी रेवताबाई गेली. तिला आणायला तलावावर गेले तेव्हा लगेच एक झिंगा आला. पाय सरकवावा लागला नाही.

पुढच्या अखजीला गोपीचंद वरठीला आला. प्लॅटफॉर्म वाढवलेला होता. नळ काढला होता. नाली बुजवून त्या जागी सिमेंट ओतलं होतं, अजून ओलं, वर पोती पसरलेली. नेमकी जागा कोणती तेही कळत नव्हतं. तो पोत्यांच्या कडेने चालला, थांबला, परत फिरला. मग सिमेंटवर तळहात ठेवून बसला. हाक मारली नाही.

घरी आल्यावर त्याने मला फाटक्या जाळ्यांत गुंडाळून माळ्यावर टाकलं. तो आता म्हातारा झाला आहे. अखजीला कुठे जात नाही. तलावावर जातो, जाळं ओढतो, कोणाशी फारसं बोलत नाही. घरातले म्हणतात, स्वभावच तसा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाची वस्तू परत आली तर घाईने घासूनपुसून ठेवू नका. आणि कोणाच्या हातून ती धुतली गेलीच, तर त्या माणसाला बोलायला जागा द्या. त्याच्याजवळ बसा. तो "ते पाणी" म्हणाला, तर पुढचं ऐकेपर्यंत उठू नका. मला तोंड आहे, पण त्यातून शब्द निघत नाहीत, नाही तर मी गोपीचंदला एवढं एकच सांगितलं असतं:

गोळ्या लागल्यावर तेजरामने नदीकाठी मला तोंडाला लावलं तेव्हा मी रिकामी होते. मग मी जागेश्वरबरोबर लष्करी दवाखान्यात गेले, आणि गोपीचंदने वरठीला ओतून दिलं ते पाणी जखमी जागेश्वरने स्वतःला प्यायला दवाखान्याच्या नळावर भरलेलं होतं.