वाघाच्या तोंडाचे बटण

दिनांक ७ नोव्हेंबर २०२२, सोमवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. सिंदेवाही तालुक्यातील जंगलकाठच्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीत, थांब्याच्या शेडखाली त्रेचाळीस माणसे जमली होती. त्यांच्यासमोर माझ्यावरचे प्लास्टिकचे आवरण काढण्यात आले; भाषणे झाली, पण मला वापरायचे कसे हे कोणी दाखवले नाही. मित्रांनो, मी आता एक जुने यंत्र आहे. माझ्या काचेवरचे बटण दाबले की दुसऱ्या दिवशी गावात गाडी येते. एवढेच माझे काम.

माझी घडण दोन ठिकाणी झाली. पत्र्याची पेटी, जाड काच, सौरपट्टी आणि उंच अँटेना एका कार्यशाळेत जोडली गेली. टोल्यात मोबाइलला रेंज नाही, म्हणून ती अँटेना. माझा चेहरा, म्हणजे काचेवर दिसणारे चित्र आणि अक्षरे, शहरातील दुसऱ्याच एका कचेरीत तयार झाला. पेटी करणाऱ्यांनी तो चेहरा पाहिला नव्हता आणि चेहरा काढणाऱ्यांनी हा टोला पाहिला नव्हता.

तालुक्यातील महिला बचत गटांच्या संघाने 'झाडीगाडी' नावाची सेवा सुरू केली होती. एक जीप आणि वारलू नावाचा एक चालक; पूर्वी तो बाजाराच्या दिवशी याच रस्त्याने भाड्याची जीप आणत असे. संध्याकाळी पाचपर्यंत माझ्याकडे नोंद झाली तर सकाळी जीप येणार; नोंद नसेल तर ती सिंदेवाहीतच उभी राहणार. जीप नसेल त्या दिवशी मोठ्या रस्त्यापर्यंत पाच किलोमीटर जंगलातून पायी जावे लागे.

अशा सेवेला स्वतःची ओळख हवी. चित्रकारांनी वाघ निवडला. जिल्हा वाघाचा, म्हणून गाडीही वाघाची. जीपच्या बॉनेटवर वाघ, वारलूच्या शर्टावर वाघ, आणि माझ्या काचेच्या मधोमध पिवळेकाळे, डोळे रोखलेले वाघाचे तोंड. तेच बटण होते. चित्राची शोभा जाऊ नये म्हणून खाली एक अक्षरही लिहिलेले नव्हते. बोट लावले की वाघ जबडा उघडून डरकाळी फोडत असे. शहरातील एका प्रदर्शनात माझ्या चेहऱ्याला बक्षीस मिळाले. संघाचे सचिव बापूराव यांनी त्याचे छायाचित्र कचेरीत लावले.

मित्रांनो, आता या रस्त्याची रीत सांगतो. वनखाते वळणावळणावर फलक लावते. त्यावर वाघाचे तोंड असते आणि त्याचा अर्थ एकच: वाघ आहे, पुढे जाऊ नका. हे इथे लेकराला अक्षरओळखीच्या आधी शिकवतात. त्यामुळे माझ्यासमोर आलेली माणसे काच पाहत आणि आल्या पावली घरी परतत. शेळ्या राखणाऱ्या केसरबाई तर येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत, "आज बी वाघ दाखवून राह्यला बाप्पा! चाला, मागं फिरा."

काही जण चपला काढून हात जोडत, कारण वाघोबा हा इथला देव. त्यांनी माझ्या वाघाच्या कपाळी शेंदूर लावला. शेंदराचा थर चढलेल्या काचेला बोटाचा स्पर्श कळत नाही, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. एकदा कोणाच्या तरी थैलीचा धक्का काचेच्या कडेला लागला आणि डरकाळी उठली. केसरबाईंच्या शेळ्या धानाच्या बांध्यांतून ज्या पळत सुटल्या, त्या संध्याकाळीच सापडल्या. त्यानंतर माझ्याकडे कोणी फिरकेना. कोळ्याने अँटेनेला जाळे बांधले. कोणीतरी माझ्या पाठीवर कीटकनाशकाची जाहिरात चिकटवली.

या टोल्यात रीता नावाची तरुण सून राहत होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार. दर महिन्याला तिला सिंदेवाहीच्या दवाखान्यात जावे लागे. सांधे दुखायला लागले की तिला अंगणापर्यंत चालणेही कठीण होई. तिच्या सासूबाई, सुगंधाबाई, तिला धरून शेडपर्यंत आणत, माझ्याकडे पाहत आणि पुन्हा घरी नेत. माझ्या पोटात गाडी बोलावण्याची सारी सोय होती; पण ती आहे हे माझा चेहरा सांगत नव्हता.

जानेवारीत बापूराव आले. त्यांनी शेडमध्ये जाहीर केले, "पाहा, फेब्रुवारीत दोनशे प्रवासी झाले नाई तं गाडी दुसऱ्या रस्त्याले लावा लागन. रिकामी जीप किती दिवस पोसाची?" सुगंधाबाईंनी रीताचा हात घट्ट धरला.

बापूरावांबरोबर दिव्यानी नावाची मुलगी आली होती. ती चंद्रपूरला शिकलेली. यंत्राचा चेहरा आणि त्याचा वापर यांचा मेळ घालणे हे तिचे काम. तिने मला उघडले नाही. दोन दिवस ती शेडच्या बाकावर नुसती बसून राहिली. मग ती सुगंधाबाईंना म्हणाली, "बाई, गाडी बोलवा नं."

"कोनाले सांगू?"

"या यंत्राले."

"ते तं वाघाचं हाय. वाघ निघाला का नाई, ते सांगते. रोज निघूनच राह्यते मेला."

"अन् बटण दाबून पाह्यलं?"

केसरबाई मागून म्हणाल्या, "वाघाच्या तोंडात बोट कोन घालन? तूच घाल पोरी, तुया विमा असन तं!"

सगळी शेड हसली. दिव्यानीही हसली. बापूरावांना मात्र लागले. "ताई, वाघ आपल्या जिल्ह्याची शान हाये. बक्षीस भेटलं त्याले."

"शान आहेच, भाऊ. पण शान दुरून पाहतात. बटणाच्या जवळ यावं लागते."

मग तिने बायकांना विचारले, "गाडी दुरून येताना तुम्हाले कशावरून ओळखू येते?" कोणी हात वर करून दाखवला, इथे हात दाखवूनच गाडी थांबवतात. दिव्यानीने हाताचे चित्र काढले, तेव्हा केसरबाई म्हणाल्या, "हे नोको. मत मांगाले आले म्हनतीन." पुन्हा हशा पिकला. हळू आवाजात रीताने सांगितले, "टपावरची टोपली. वारलूभाऊ बाजाराच्या दिवशी सगळ्यांच्या टोपल्या टपावर बांधत होता. वळनावर आधी टोपलीच दिसे."

तेच चिन्ह ठरले: समोरून दिसणारी जीप आणि तिच्या टपावर बांबूची टोपली. रंग धानाच्या पऱ्ह्याचा, म्हणजे रोपांचा, कोवळा हिरवा. दिव्यानीने एक गोष्ट आग्रहाने केली. माझ्या काचेवर जे चित्र, तेच जीपच्या दारावर आणि तेच तिकिटावर. काचेवर पाहिलेली गाडीच दारात उभी राहिली पाहिजे, असे ती म्हणे. चित्राखाली ठळक अक्षरांत लिहिले: 'गाडी बोलवा'.

"अन् वाघाचं काय कराचं?" बापूरावांनी विचारले.

"मागच्या दाराले लावा," केसरबाई म्हणाल्या. "वाघ मागं असला तं गाडी पुढं पयन!"

या वेळी बापूरावही हसले आणि एक महिन्यासाठी कबूल झाले.

ओल्या फडक्याने शेंदूर पुसण्यापूर्वी दिव्यानीने केसरबाईंची परवानगी घेतली. केसरबाईंनी तो स्वतःच पुसला आणि बोटावर आलेला शेंदूर शेडमागच्या दगडाला वाघोबा म्हणून लावला.

नव्या चेहऱ्यातही एक चूक निघाली. डरकाळीऐवजी दिव्यानीने जीपचा भोंगा ठेवला होता. रीताने बटण दाबले, भोंगा वाजला आणि सुगंधाबाई लगबगीने रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. "कुठी हाय गाडी? आवाज तं आला." दिव्यानीने कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्याच दिवशी भोंगा काढून तिथे वारलूचा आवाज भरला: "नोंद झाली. उद्या सकाळी आठ वाजता येतो. तयार राहा."

सुगंधाबाईंनी ते ऐकले आणि मला उत्तर दिले, "बरं भाऊ, ये."

सकाळी वळणावर टोपली दिसली. रीता जीपमध्ये पुढे बसून गेली आणि औषधे घेऊन दुपारी परतली. हे पाहून शेजारच्या टोल्यांतील माणसेही येऊ लागली. कोणी बाजाराला, कोणी बँकेत, कोणी माहेरी. केसरबाई तर एकदा केवळ गाडीत बसून पाहण्यासाठी गेल्या. तरीही महिना सरत आला तसा सुगंधाबाईंचा घोर वाढत गेला. येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत, "बटन दाबलं का? जाचं असन तं दाबून ठेवा बाप्पा, थांबू नोका."

मित्रांनो, आज माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे आणि पावसाळ्यात बॅटरी लवकर दमते. माझ्यासारख्या यंत्रांवर जाहिराती चिकटवू नका. काच कोरड्या फडक्याने पुसा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कोणी एखाद्या वस्तूचा चेहरा घडवणार असेल, तर ती वस्तू जिथे उभी राहणार आहे तिथल्या बाकावर आधी जाऊन बसा. चेहरा सुंदर करा. पण पाहणाऱ्याला त्यातून काय कळते, हेही पाहा.

२८ फेब्रुवारी २०२३ रोजी संध्याकाळी बापूरावांनी माझ्यासमोर उभे राहून महिन्याचा आकडा मोठ्याने वाचला. हवे होते दोनशे प्रवासी. झाले दोनशे चौदा.