फोन आधी ठेवायचा नाही

शहरात कुणाचा नळ कोरडा पडला, कुणाचे दिवे गेले की ओरडा आमच्या कानात. आम्ही हेल्पलाईनवरच्या बायका. मोठ्या जाऊबाई आणि मी एकाच घरातल्या, इथेही शेजारी शेजारी बसणाऱ्या. घरी भांड्यांवरून आमची जुंपायची, फोनवर मात्र दोघींच्या तोंडात साखर. नोकरीचा पहिला नियमच होता: फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्याने आईबाप काढले तरी शेवटी विचारायचं, "अजून काही मदत करू का?"

मग माणसासारखं फोनवर बोलणारं मशीन आलं. ते चिडत नाही, थकत नाही, चहाला उठत नाही. बघता बघता निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. माझ्या नवऱ्याचं काम आधीच सुटलं होतं, त्यामुळे रोज जिना चढून आले की मी आधी माझी खुर्ची जागेवर आहे ना ते बघायची.

उपाय जाऊबाईंनी शोधला. कंपनीच्या ठेक्यात एक अट होती: लाईनवर निदान एक तरी जिवंत माणूस हवं, नाहीतर ठेका रद्द.

"खाली मोर्चाच्या घोषणा सुरू झाल्या की सगळ्यांनी फोन ठेवायचे आणि उठायचं," त्या म्हणाल्या. "एकही मागे राहायला नको. मग येतील बोलायला." मला बाजूला घेऊन वेगळं बजावलं, "तुझीच काळजी वाटते गं. भीड भिकेची बहीण, लक्षात ठेव."

दुपारी फाटकाशी गर्दी जमली. मशीनमुळे काम गेलेले सगळे: आमच्या बायका, बँकेतले कारकून, दुकानांतले गल्ल्यावरचे लोक. घोषणा झाल्या, खुर्च्या सरकल्या. माझ्या कानात तेव्हा एक म्हातारा होता. घरात पाणी नाही, बायको अंथरुणाला खिळलेली.

"आजोबा, तक्रार नोंदवली," मी म्हटलं आणि जीभ सवयीने पुढे गेली, "अजून काही मदत करू का?"

"हो बाई, अजून एक होतं..."

दारातून जाऊबाई हाताने खुणावत होत्या, ठेव, ठेव. मी बोट वर केलं: एकच मिनिट. पुन्हा निरोप घ्यायला गेले आणि पुन्हा तेच विचारून बसले. जित्याची खोड, दुसरं काय. म्हाताऱ्याचं काही संपेना. जाऊबाई थांबल्या, मग गेल्या. हॉलमध्ये मी एकटी उरले.

शेवटी फोन त्यानेच ठेवला. पाठीमागे साहेब उभे होते, हसत.

"ठेका वाचला. तुमची खुर्ची पक्की."

"आधी त्या आजोबांकडे कुणाला तरी पाठवा," मी म्हटलं.

"कुठले आजोबा? मशीनच बोलत होतं. संपाची कुणकुण लागली होती आम्हाला. त्याने सगळ्यांचे जुने कॉल ऐकले आणि तुम्हाला निवडलं. म्हणालं, ही बाई ठेवणार नाही."

मी पळत खाली गेले. बातमी माझ्याआधी पोचली होती. घोषणा थांबल्या होत्या आणि बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. कुणीतरी 'घरभेदी' म्हणालं. जाऊबाईंनी तिला गप्प केलं आणि माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"उगाच नाही थांबायची तू," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी आजारी होतं ना गं? झाली का त्यांची सोय?"

मी म्हटलं, "हो. झाली."