भाकरीतली कच

मित्रांनो, मी पाटा आहे. जुना, काळा, ज्वालामुखीच्या दगडाचा आणि तीन पायांचा. तीन पाय ऐकून हसू नका. आमच्याकडे बाया गुडघे टेकून, दोन्ही हातांनी वरवंटा पुढे रेटत वाटतात. त्यासाठी पाट्याला उतार लागतो. मी दगड आहे, मला गोडगोड बोलता येत नाही. पण एक गोष्ट फार दिवस मनात खुपते आहे, तेवढी ऐकून घ्या.

डोंगराखालच्या एका पाथरवटाने सोळा दिवस कुरकुर करत मला घडवलं. सेनाईदाच्या लग्नात तिच्या धर्मपित्याने मला आहेर म्हणून दिलं. माझ्या अंगावर गुलाबी फुलं आणि तिचं नाव रंगवलं होतं. एका दांडग्या पाहुण्याने मला खांद्यावर घेऊन वाजंत्रीपुढे नाचवलं. त्या दिवशी मी जो भाव खाल्ला, तो पुन्हा कधी मिळाला नाही. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो आणि रंग महिन्याभरात धुऊन गेला.

सेनाईदाचा नवरा पोटापाण्यासाठी उत्तरेला गेला आणि तिकडचाच झाला. पदरात लहानगा सेल्सो. रडत बसणारी बाई ती नव्हे. तिने त्लाकोलुला या बाजारगावाच्या रस्त्यावर चार खांबांचं छप्पर घातलं, मातीचा तवा मांडला आणि मला तव्याशेजारी ठेवलं. चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजवलेला मका ती पहाटेच माझ्यावर घ्यायची. शेजारणी म्हणायच्या, "अगं, चक्कीवर दळून आण की. कंबर मोडेल तुझी." ती म्हणायची, "चक्कीचं पीठ तापतं, मग भाकरी रुसते. आणि कंबर माझी आहे, तुमची का दुखते?"

छपराची खानावळ झाली. लांबलांबून माणसं यायची, घेवड्याचं सारण भरलेली भाकरी खाऊन बोटं चाटायची. कौतुक तिचं व्हायचं, पण थोडं माझ्याही वाट्याला यायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

दरवर्षी मृतांच्या सणाआधी पाथरवट येऊन मला टाकी लावायचा. वाटून वाटून गुळगुळीत झालेला पाटा त्याशिवाय पीठ धरत नाही. पण टाकी लावली की दगडाची कच सुटते. म्हणून जाड मका आणि मीठ तीनदा वाटायचं आणि तिन्ही वेळा फेकून द्यायचं. चौथं पीठ माणसांचं. आमच्या गावात शेंबड्या पोरीलाही हे ठाऊक असतं.

सेल्सोचं लग्न झालं, त्याच वर्षीची गोष्ट. सणाचा आदला दिवस होता. सेनाईदा फुलं घेऊन थडगी सजवायला गेली होती. जाताना नव्या सुनेला, इमेल्दाला, म्हणाली, "बाळ, तीनदा वाट, तीनदा टाक. घाई करू नकोस. लोकांना भूक लागली तर लागू दे, मरत नाहीत."

पण अंगण पाहुण्यांनी भरलं. कुणी ताटली वाजवत होतं, सेल्सो दारातून हाका मारत होता. इमेल्दाने एकदा वाटलं, टाकलं. दुसरं पीठ दिसायला पांढरं स्वच्छ होतं. तिने ते बोटांत चोळून पाहिलं आणि तव्यावर भाकरी टाकली. मला कळत होतं. पण दगडाला कुठे तोंड असतं!

राजधानीहून एक वयस्कर शिक्षिका मुद्दाम इथलं जेवायला आल्या होत्या. तिसऱ्या घासाला त्यांच्या तोंडात कट्ट वाजलं. त्यांनी हातरुमालावर काळा खडा काढला आणि त्याच्या शेजारी दाताचा तुकडा ठेवला. सगळ्या टेबलांवरचे हात थांबले.

सेल्सो स्वयंपाकघरात आला. "कुणी केलं हे?"

सेनाईदा नुकतीच परतली होती. तिने सुनेच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं. "मी केलं," ती म्हणाली. "पाटा मीच तयार केला सकाळी. डोळ्यांना दिसेनासं झालंय मेलं."

तो गेल्यावर इमेल्दा हुंदके देऊ लागली. सेनाईदा हळूच म्हणाली, "गप. आज तुझं नाव निघालं, तर म्हातारी होईस्तोवर गाव तुला कचवाली म्हणेल. माझं काय, आठ दिवसांत विसरतील."

कुणी विसरलं नाही. पुढच्याच रविवारी सेल्सो म्हणाला, "आई, आजपासून तू पाट्याला हात लावायचा नाहीस. आपलं नाव जातं." त्याने तिला नक्षीदार झगा घालून दारात खुर्चीवर बसवलं. पाहुणे तिच्यासोबत फोटो काढायचे. वाटायला माझ्यापुढे इमेल्दा बसू लागली. ती चांगली वाटायची, मी नावं ठेवणार नाही. सणाला तीनदा वाटून टाकायची, कधी चारदाही. पण सासूच्या नजरेला नजर देत नव्हती.

सेनाईदा अधूनमधून आत यायची, माझ्यावर तळवा टेकवून उभी राहायची. एकदा तर तिने गुडघे टेकले. "सेल्सो, एकच गोळा वाटू दे रे. कुणाला वाढू नकोस, मीच खाईन."

"आई, ऊठ. लोक बघतायत," सेल्सो म्हणाला आणि काखेत हात घालून त्याने तिला उठवलं. इमेल्दा तव्याशी उभी होती. तिची भाकरी करपली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

अशी अकरा वर्षं गेली. थंडीत खोकल्याचं निमित्त झालं आणि सेनाईदा गेली. नवव्या दिवशी प्रार्थनेला सारी आळी जमली. एक शेजारीण उसासून म्हणाली, "हात सोन्याचा होता हो बिचारीचा. शेवटी डोळ्यांनी घात केला."

इमेल्दाने भाकऱ्यांची टोपली खाली ठेवली. "डोळ्यांनी नाही. ती कच माझी होती. मी एकदाच वाटून टाकलं होतं. आईंनी माझं पाप स्वतःवर घेतलं."

सेल्सो तिच्याकडे वळला. "अकरा वर्षं गप्प राहिलीस?"

"रोज म्हणायचे, उद्या सांगते."

तो तिच्यावर ओरडला नाही. आत आला आणि माझ्याजवळ जमिनीवर बसला. "एकच गोळा मागत होती," तो म्हणाला. "एकच. आणि मी लोकांकडे बघत बसलो."

मित्रांनो, मला धुवा, पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. मी दगड आहे, अंगणात टाकलंत तरी पडून राहीन. पण कुणी तुमची चूक आपल्या डोक्यावर घेतली असेल, तर ती वेळेवर उतरवून घ्या. इमेल्दा खरं बोलली, ते साऱ्या आळीने ऐकलं, मीही ऐकलं. फक्त सेनाईदाने ऐकलं नाही.