तानाबाईची हाक

"नाव सांग की म्हाताऱ्याचं! नावाबिगर हुडकायचं कसं?" घोंगड्यांचे व्यापारी वीरभद्रप्पा तिसऱ्यांदा म्हणाले.

तानाबाईनं पदराचं टोक दातांत धरलं. "आमच्या म्हाळसाचं वडील," ती पुटपुटली.

आता म्हाळसा ही तिची लेक. तिचे वडील अख्ख्या सोलापुरात कोणाला ठाऊक असणार? पण नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं आईनं सासरी धाडताना बजावलं होतं. तानाबाईनं ते पंचेचाळीस वर्षं पाळलं. लग्नात उखाणा घ्यायला लावला, तेव्हाही तिनं नाव गिळलं होतं.

सांगोल्याकडून दोघं नवरा-बायको मंगळवारच्या बाजाराला घोंगड्या विकायला आली होती. ती घोंगड्या उलगडून दाखवत होती, तेवढ्यात हरिबा उठून कुठंतरी गेला. दोन वर्षं त्याचं असंच चाललं होतं. मेलेल्या भावाला जेवायला हाका मारायचा, घरची वाट चुकायचा. तानीला मात्र एकदाही विसरला नव्हता. तेवढ्यावर बिचारी तग धरून होती.

तीस सालचा गोऱ्यांचा मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं, तरी पोलिसाजवळ जायचा तिला धीर होईना. ती दुकानोदुकानी विचारत सुटली. नवल म्हणजे, ज्याला विचारावं त्याच्या घरी असं एक माणूस निघायचं.

"आमच्या सासूचं असंच हाय," विणकराच्या घरची रत्नम्मा म्हणाली. "आदी कान गेलं, मग मानसं वळकंनात."

"आमचा बा माडीवरनं पडला, डोस्क्याला लागलं," चुना विकणारा शिवशरण म्हणाला. "तवापास्नं मलाच मामा म्हनतोय. घरोघरी मातीच्या चुली, बाई."

दिवस कलला. गाड्या जुंपायला लागल्या. हरिबा अंधारात माळाला लागला, तर पुन्हा हाती लागायचा नाही. कानानंही तो मंदच. तानाबाई बाजाराच्या मधोमध उभी राहिली, सिद्धरामेश्वराच्या दिशेनं हात जोडून म्हणाली, "माजं आयुक्श त्येस्नी दे," आणि ओरडली, "हरिबाऽऽ!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ती ओरडतच राहिली. अखेर पलीकडच्या मेंढ्यांतून एक मुंडासं वर आलं. परक्याच्या मेंढीचा पाय मांडीवर घेऊन हरिबा खुरातला काटा काढत बसला होता.

"चला वं घरी," ती रडत म्हणाली.

त्यानं तिला नीट न्याहाळलं. "तू कोन गं बाई?"

"असं काय करताय? मी तानी की!"

"ह्या! आमची तानी चारचौघांत माजं नाव घ्यायची न्हाय. जीव गेला तरी न्हाय."

तानाबाईनं डोळे पुसले.

"बरं, चला. तानीकडंच पोचवते तुमास्नी."

परक्या बाईबरोबर चालावं तसा, चार हात अंतर राखून तो निघाला. वेस ओलांडल्यावर आपणहून बोलू लागला.

"आमची तानी लई गुनाची. दुस्काळात सोता पानी पिऊन निजली, पर भाकर मला घातली. मला समदं कळत हुतं. तिला कदी बोललो न्हाय."

तानाबाईनं पाऊल सावकाश केलं.

"आनि काय करती वं तुमची तानी?" तिनं विचारलं.